छेदन, भेदन, ताडन

रायफलीची गोळी आणि बाण ही दोन्ही जिवावर उठणारी अस्त्रे, पण त्यांची मारण्याची रीत अगदी वेगळी. मोठ्या शिकारीसाठी जगभर वापरली जाणारी .३०-०६ रायफल सुमारे दहा ग्रॅमची गोळी सेकंदाला जवळजवळ ९०० मीटर वेगाने फेकते. नळीतून बाहेर पडताना त्या गोळीत चार हजार जूलच्या आसपास ऊर्जा असते. आजच्या चांगल्या कंपाउंड धनुष्यातून सुटलेला २६ ग्रॅमचा बाण सेकंदाला ८२ मीटर वेगाने जातो, आणि त्याची ऊर्जा भरते जेमतेम ८७ जूल. म्हणजे गोळीच्या पंचेचाळिसाव्या हिश्श्याइतकी. एवढ्याशा जोरावर हरणासारखे जनावर धक्क्याने कोसळत नाही. बाणाला मारायचे तर एकच मार्ग असतो. आत शिरून कापायचे आणि रक्त वाहू द्यायचे.

म्हणून धनुष्य किती भारी, नेम किती अचूक, हे सगळे खरे असले, तरी जनावराला मरण कसे येणार हे ठरते बाणाच्या टोकावरच्या अडीच-तीन सेंटिमीटर लोखंडावर. ते पाते धारदार आणि योग्य घडणीचे असेल, बाण वर्मी लागला असेल, तर जनावर काही सेकंदांत शुद्ध हरपते. पाते बोथट किंवा चुकीच्या आकाराचे असेल, तर तेच जनावर जखम घेऊन रानात शिरते आणि दोन-दोन दिवस तडफडते.

पुण्याच्या पूर्वेला, सोलापूर रस्त्यावरच्या लोणी काळभोरमध्ये कुणी हे प्रकरण वाचत असेल, तर त्याने आधीच एक गोष्ट लक्षात घ्यावी. भारतात वन्यप्राण्याची शिकार धनुष्यबाणानेही करता येत नाही. १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात ‘शस्त्र’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात बंदुका, स्फोटके, जाळी, फासे आणि विष यांच्या बरोबरीने धनुष्यबाणाचे नाव स्पष्ट घातलेले आहे. शिकारीच्या व्याख्येत मारणे तर येतेच, शिवाय जखमी करणे, हाकारणे, आमिष दाखवणे आणि यातले काही करण्याचा नुसता प्रयत्नही येतो. ही बंदी योग्यच आहे. पण बाणाच्या पात्याविषयी जे ज्ञान या भूमीवर हजारो वर्षे साठत गेले, ते बंदीमुळे निरुपयोगी ठरत नाही. जनावराच्या यातना कशाने वाढतात आणि कशाने कमी होतात, याचा तो अभ्यास आहे, आणि तो समजून घेतल्यावर बंदीचे महत्त्वही जास्त नेमके कळते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या अध्यक्षाची कामे सांगणारा एक अध्याय आहे. धनुष्ये ताडाच्या लाकडाची, बांबूची, इतर लाकडांची आणि शिंगाची. दोऱ्या मूर्वा, रुई, ताग, बांबू आणि स्नायूंच्या. बाण वेळूचे, शराचे आणि सबंध लोखंडाचेसुद्धा, अशी तिथली यादी आहे. मग टोकांची पाळी येते. टोके लोखंडाची, हाडाची किंवा लाकडाची असावीत आणि त्यांची कामे तीन: छेदन, भेदन आणि ताडन. कापणे, भोसकणे आणि ठोकणे. आज अमेरिकेतल्या एखाद्या धनुर्विद्येच्या दुकानात शिरले, तर काचेच्या कपाटात हीच तीन कामे करणारी टोके दिसतात. साहित्य बदलले, विभागणी तीच राहिली.

महाराष्ट्रात ही विभागणी ग्रंथाबाहेर, हातात आणि खांद्यावर टिकली ती सातपुड्यात. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६मध्ये मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात भिलांच्या भात्याचे वर्णन आहे. कामठा बांबूचा, त्याची दोरीही बांबूच्याच लवचिक सालपटाची. बाण हातभराहून लांब. काहींची लोखंडी टोके सुरीसारखी चपटी करून धार लावलेली, काहींची खिळ्यासारखी गोल, आणि पाखरे पाडण्यासाठी गाठीसारख्या बोथट डोक्याचे बाण वेगळे. चपटे पाते म्हणजे छेदन, खिळा म्हणजे भेदन, गाठ म्हणजे ताडन. कौटिल्याचे नावही न ऐकलेल्या कारागिराने केलेली ही वर्गवारी आहे. ती जुळली, कारण कातडी, मांस आणि हाड यांचे नियम दोघांनाही सारखेच लागू होते.

पाखरासाठी गाठ का, याचे उत्तर सोपे आहे. धारदार बाण लहान पक्ष्याच्या आरपार जातो आणि फांदीत रुतून बसतो. पक्षी मात्र जखमी होऊन उडतो आणि दूर कुठेतरी मरतो. गाठीचा आघात लहानशा देहाला पुरून उरतो, पक्षी जागीच पडतो. खिळ्याचे टोक कशासाठी, तेही आकारावरून कळते. सगळा जोर एका बिंदूवर आणून ढाल, जाड कापड किंवा कडक कवच फोडायचे असेल, तेव्हा खिळा कामाचा. मध्ययुगीन युरोपातही साखळ्यांच्या चिलखतावर असेच निमुळते टोक वापरत. हरणावर मात्र खिळा वाईट. तो आत शिरतो, पण पेशी कापण्याऐवजी बाजूला सारतो. बाण पुढे गेला की कातडी आणि चरबी छिद्रावर सरकते, बाहेर रक्त फारसे येत नाही, माग काढायला काही उरत नाही आणि जनावर आतल्या आत झिजत राहते.

मोठ्या जनावरासाठी उरते ते सपाट, रुंद पाते. इंग्रजीतला ‘ब्रॉडहेड’ तो हाच.

त्याचे पूर्वज पुणे जिल्ह्यातच सापडले आहेत. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८पासून बारा हंगाम उत्खनन केले. हसमुख सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या या कामातून इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातले एक सबंध खेडे उजेडात आले. तिथे तांबे होते, पण दुर्मीळ. रोजच्या कापाकापीसाठी लोक कॅल्सेडनी या गारगोटीच्या जातीच्या दगडाची पाती काढत. अशी लहान, समांतर कडांची पाती आणि चंद्रकोरीच्या आकाराचे तुकडे दख्खनभर सापडतात. लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंकाने बसवले, की त्यांचे हत्यार तयार होई. धार गेली की तेवढा तुकडा काढून नवा बसवायचा. आजच्या बदलता येणाऱ्या पात्यांच्या ब्रॉडहेडमागचा विचार हाच आहे. इनामगावच्या उकिरड्यांत पाळीव गुरांच्या हाडांबरोबर हरणांची हाडेही मिळाली. शेवटच्या काळात पाऊस कमी झाला, शेती खालावली आणि गावाची भिस्त शेळ्यामेंढ्या व शिकार यांच्याकडे झुकली, असे ढवळीकरांचे प्रतिपादन होते.

दगडी धार लोखंडी धारेपेक्षा कमी प्रतीची असेल, असे आपण सहज धरून चालतो. सॅक्स्टन पोप या अमेरिकन शल्यचिकित्सकाने ते तपासून पाहिले. १९११मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीचा शेवटचा माणूस पुढे आला. त्याला इशी म्हणत. पोप त्याचा डॉक्टर होता, आणि त्याच्याकडूनच तो धनुष्य वाकवायला व टोके घडवायला शिकला. १९१६मध्ये इशी वारला. नंतर पोपने धनुष्यबाणांच्या तुलना केल्या, तेव्हा ज्वालामुखीच्या काचेची टोके प्राण्याच्या कातडीतून आणि मांसातून पोलादी टोकांपेक्षा खोल गेली. काचेची कड अतिशय पातळ असते आणि कापताना तिला विरोध कमी होतो. तोटा एवढाच, की हाडावर आदळली की फुटते. धार आणि मजबुती यांची ही ओढाताण पात्याच्या प्रत्येक निवडीत असते.

रुंदीचेही तसेच. पाते जितके रुंद, तितका छेद मोठा आणि रक्त जास्त. पण रुंद पात्याला आत ढकलायला जोरही जास्त लागतो, आणि बाणाकडे जोर मोजकाच असतो. विसाव्या शतकातला नामांकित धनुर्धर हॉवर्ड हिल म्हणे, की पाते रुंदीच्या तिप्पट लांब असावे. असे निमुळते दोन धारांचे पाते बरगडीच्या सापटीतून घसरत आत जाते. तीन किंवा चार धारांचे पाते जखम मोकळी ठेवते, कडा एकमेकींवर मिटत नाहीत, रक्ताचा माग स्पष्ट पडतो. पण ते तुलनेने उथळ जाते. १९८०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमध्ये एड ॲशबी याने शिकार झालेल्या जनावरांच्या देहांतले बाणांचे मार्ग उघडून पाहिले. जड बाण, मजबूत अखंड पाते आणि एकाच बाजूने घासलेली धार यांचा त्याने आग्रह धरला. एका बाजूने घासलेले पाते आत जाताना गोल वळते आणि वाटेतले हाड चिरत जाते. जाड हाडे फोडायची तर बाणाचे एकूण वजन ६५० ग्रेन, म्हणजे सुमारे ४२ ग्रॅम हवे, असे त्याचे मत होते.

याच्या उलट टोकाला आहेत मिटलेली पाती. ही उडताना दांडीलगत बंद असतात आणि आदळताक्षणी छत्रीसारखी उघडतात. स्थिर पात्यांना वारा लागतो, ती लहान पंखासारखी वागतात आणि धनुष्य नीट जुळवलेले नसेल तर बाणाला भलतीकडे नेतात. मिटलेल्या पात्यांना हा त्रास नाही, आणि त्यांचा छेद दोन इंचांपर्यंत रुंद असू शकतो. म्हणून बाजारात त्यांची चलती आहे. पण उघडण्यातच बाणाची थोडी ऊर्जा खर्ची पडते, आणि तिरप्या कोनात किंवा खांद्याच्या हाडावर बाण बसला तर पाते अर्धवट उघडते किंवा बाण घसरतो. ताकदवान धनुष्य, आडवे उभे जनावर आणि जवळचे अंतर, या तिन्ही गोष्टी जमल्या तर ती पाती चालतात. एक जरी हुकली तरी किंमत जनावर मोजते. हलक्या धनुष्यासाठी स्थिर, दोन धारांचे पातेच बरे. नेम सुधारायचा असेल तर धनुष्य जुळवावे, सराव वाढवावा, त्यासाठी पात्यात तडजोड करू नये.

आणि आकारापेक्षाही महत्त्वाची आहे धार. साठ किलोच्या हरणाच्या अंगात साधारण साडेचार लिटर रक्त असते. त्यातले तिसऱ्या हिश्श्याहून जास्त रक्त झपाट्याने गेले, की मेंदूचा पुरवठा तुटतो आणि जनावर कोसळते. दोन्ही फुप्फुसांतून गेलेला धारदार बाण हे काही सेकंदांत करतो. बोथट पाते पेशी चिरडते, फाडते. चिरडलेल्या पेशींतून रक्त गोठवणारी द्रव्ये सुटतात, रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तस्राव थांबू लागतो. स्वच्छ काप गोठायला वेळ घेतो. दाढी करताना नव्या पात्याने कापले तर जाणवत नाही आणि रक्त मात्र बराच वेळ येत राहते, हा अनुभव पुष्कळांना आहे. म्हणून जबाबदार शिकारी सरावात वापरलेले पाते शिकारीला नेत नाही. फोमच्या लक्ष्यावर दोन-चार बाण मारले तरी धार जाते, भात्यात खडखडली तरी जाते, रात्रीच्या दवाने गंज चढला तरी जाते. ताणलेल्या रबरावर पाते हलकेच फिरवून पाहतात. रबर तटकन तुटले तर ठीक, नाहीतर पाते बदलायचे.

अंतराचा हिशोब पात्याइतकाच निर्दय आहे. तीस मीटरवर सेकंदाला ८० मीटर वेगाचा बाण पोहोचायला ०.३७ सेकंद लागतात. दोरीचा आवाज मात्र ०.०९ सेकंदातच हरणाच्या कानी पडतो. उरलेल्या पाव सेकंदाहून जास्त वेळात दचकलेले हरण उडी घेण्यासाठी आधी खाली बसकते, आणि फुप्फुसावर धरलेला नेम पाठीच्या स्नायूंत जातो. वीस मीटरवर ही सवड निम्म्यावर आली नाही, तरी बरीच घटते. म्हणूनच जिथे ही शिकार कायदेशीर आहे, तिथले जाणते शिकारी वीस-पंचवीस मीटरच्या आत येईपर्यंत दबा धरून बसतात आणि जनावर आडवे होईपर्यंत दोरी सोडत नाहीत.

बाण सुटल्यावरचे पहिले काम म्हणजे थांबणे. जमिनीवरच्या रक्ताचा रंग पाहायचा. फेसाळ, गुलाबी लाल असेल तर फुप्फुस. गडद असेल तर यकृत. हिरवट, पालापाचोळ्याचे कण असलेले आणि वास येणारे असेल तर बाण पोटात गेला आहे. पोटात गेला असेल तर लगेच पाठलाग केल्याने जनावर जखमेसकट मैलोगणती पळते. न हुसकवता आठ-दहा तास सोडले तर जवळच बसून मरते. हे आठ-दहा तास हाच या शिकारीचा सर्वांत अवघड भाग आहे. तिच्या विरोधकांचे म्हणणे याच तासांवर उभे आहे, आणि ते डावलण्यासारखे नाही.

पात्याला मागे वळलेले काटे असावेत का, हा वाद तर फार जुना. काटेरी पाते शिरते, पण निघत नाही. माणसाशी लढताना ते क्रूर म्हणून मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात युद्धाचे नियम सांगताना कर्णी, म्हणजे काटेरी बाण, विषारी बाण आणि पेटते बाण निषिद्ध ठरवले आहेत. सुश्रुतसंहितेत शरीरात रुतलेली शल्ये काढण्याचे प्रकरण आहे. सैल बसलेले, काटे नसलेले, रुंद तोंडाच्या जखमेतले लोखंड लोहचुंबकाने ओढून काढता येते, असे तिथे सांगितले आहे. काटेरी शल्य तसे निघत नाही, हे त्या अटीतच आले. रसेल-हिरालाल यांच्या ग्रंथातले भिलांचे बाणही काटेरी होते, पण तो भाता वाटमारीला आणि लढाईला निघालेल्या माणसाचा होता. शिकारीत काटा नको, याचे कारण वेगळे. नेम चुकून बाण मांसात अडकला, तर साधे पाते जनावराच्या हालचालीने गळून पडते आणि जखम भरू शकते. काटेरी पाते आतच राहून जखम चिघळवते. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत काटेरी पात्यांवर बंदी आहे, आणि काही राज्यांत पात्याची किमान रुंदी ७/८ इंच, म्हणजे २२ मिलिमीटर, अशी नेमून दिली आहे. दोन्ही नियमांचा हेतू एक आहे. लागला तर पुरता लागावा, नाही लागला तर जनावर वाचावे.

देशांनी याची उत्तरे वेगवेगळी दिली. ब्रिटनच्या १९८१च्या कायद्याने वन्यप्राण्यांवर धनुष्य वापरायला मनाई केली. जर्मनीतही खुरांच्या जनावरांवर बाण चालवता येत नाही. डेन्मार्कने मात्र १९९९पासून परीक्षा आणि नेमबाजीची चाचणी यांच्या अटीवर बाणाने शिकारीला परवानगी दिली. भारताने शिकारीचाच मार्ग बंद केला.

लोणी काळभोर आणि शेजारच्या थेऊरच्या पट्ट्यात मुळा-मुठेच्या पाण्यावर ऊस उभा राहतो, आणि पुणे जिल्ह्यात जिथे ऊस आहे तिथे रानडुकरांना लपायला जागा आहे. उभे पीक तुडवलेले पाहून शेतकऱ्याचा संताप होणे स्वाभाविक आहे. कायद्यात त्यालाही वाट आहे. अधिनियमाच्या कलम ११ नुसार, उभ्या पिकाला धोका ठरलेल्या प्राण्याबाबत मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. परवानगीशिवाय सोडलेला एक बाणही गुन्हा ठरतो आणि वापरलेले हत्यार सरकारजमा होते.

असा बाण कुणी सोडण्याचा धोका खरा आहे, कारण धनुष्य आता दुर्मीळ राहिलेले नाही. पुणे शहर आणि लोणी यांच्या मधल्या घोरपडी-मुंढवा भागात आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये देशाचे तिरंदाज घडतात. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी २०२३मध्ये बर्लिनला कंपाउंड प्रकारात वैयक्तिक विश्वविजेतेपदे मिळवली, तेव्हापासून गावोगावच्या मुलांना या खेळाची ओढ लागली आहे. ते कंपाउंड धनुष्य मुळात शिकारीसाठीच जन्मले. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या हॉलेस ॲलनने १९६६मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९मध्ये ते त्याला मिळाले. टोकाला कप्प्या लावल्यामुळे पूर्ण ताणलेल्या दोरीचा भार हातावर कमी येतो आणि नेम धरायला उसंत मिळते. खेळाडू त्यावर जे टोक वापरतात ते मात्र गोळीच्या आकाराचे, गुळगुळीत असते, लक्ष्याची नासाडी न करता शेकडो वेळा उपटून काढता येईल असे. कौटिल्याच्या विभागणीत ते भेदनाचे टोक. सरावाचा असा बाण रानडुकराच्या कुशीत गेला, तर जाड कातडी आणि चरबी छिद्र मिटवून टाकते, उसाच्या पाचटावर रक्ताचा थेंब पडत नाही आणि जखमी जनावर त्याच फडात राहते, जिथे दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी धरायला माणसे उतरणार असतात. डुक्कर पिकात शिरल्याचे दिसले, तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक फिरवावा, पंचनामा मागावा आणि नुकसानभरपाईचा अर्ज भरावा.